जुन्या मस्टँगचा मागचा अ‍ॅक्सल आणि एक इंच खाली बसलेली गाडी: पहिल्यांदा हात घालणाऱ्यांसाठी

अमेरिकेत राहणाऱ्या आपल्या लोकांपैकी बऱ्याच जणांच्या डोक्यात कधी ना कधी जुनी मसल कार घेण्याचं खूळ शिरतं. नोकरी स्थिरावते, घराला दोन गाड्यांचं गॅरेज मिळतं, आणि मग त्यातल्या एका बाजूला १९६७-६८ची मस्टँग येऊन उभी राहते. इंजिनाचं कौतुक आधी होतं, रंगाचं त्याच्याही आधी. मागचा अ‍ॅक्सल मात्र कुणाच्या लक्षातच येत नाही. साठ मैलांच्या वेगाला तो गुणगुणायला लागला किंवा ब्रेक लायनर तेलाने भिजले की त्याची आठवण होते.

हा लेख फोर्डच्या नऊ इंची (म्हणजे आतल्या मोठ्या दातेरी चाकाचा व्यास नऊ इंच असलेल्या) अ‍ॅक्सलबद्दल आहे, आणि तोही ३९० घनइंच इंजिनाच्या १९६८च्या मस्टँग जीटीसारख्या गाडीतल्या. फोर्डने हा अ‍ॅक्सल १९५७मध्ये आणला आणि १९८०च्या दशकाच्या मध्यापर्यंत वापरला. ड्रॅग रेसिंगवाले आजही त्याच्याच नवीन प्रती बनवून वापरतात. नवशिक्याच्या दृष्टीने त्याची सर्वांत मोठी सोय म्हणजे क्राउन (मोठं दातेरी चाक), पिनियन (त्याला फिरवणारं छोटं दातेरी चाक) आणि डिफरन्शियल (वळताना दोन्ही चाकांना वेगळ्या वेगाने फिरू देणारी यंत्रणा) हा सगळा ऐवज एका ओतीव लोखंडी डब्यात बसवलेला असतो आणि तो डबा पुढच्या बाजूने अख्खा बाहेर निघतो. इथे त्याला थर्ड मेंबर म्हणतात. त्याच काळातल्या शेव्हरोलेच्या दहा आणि बारा बोल्टवाल्या अ‍ॅक्सलमध्ये मागचं झाकण काढून, गाडीखाली पाठीवर पडून सगळं मोजमाप करावं लागतं. इथे तेच काम बाकावर, उजेडात, उभ्याने होतं.

अ‍ॅक्सल उघडणं आणि गाडी खाली बसवणं ही दोन्ही कामं एकत्र करा. दोन्हींत तेच यू-बोल्ट सुटतात, तेच पाटे मोकळे होतात, शॉकअपची खालची टोकं निघतात. गंज खाल्लेले बोल्ट वर्षभरात दोनदा सोडवण्याची हौस कुणालाच नसते.

आधी ओळख पटवा

तुमच्या गाडीत खरंच नऊ इंची अ‍ॅक्सल आहे का ते आधी बघा. २८९ इंजिनाच्या बहुतेक साध्या मस्टँगमध्ये आठ इंची येतो आणि तो दिसायला अगदी धाकटा भाऊ. ओळखायची जुनी खूण अशी: थर्ड मेंबर ज्या दहा नटांनी हाउसिंगला (बाहेरच्या पोलादी कवचाला) जोडलेला असतो, त्यांतल्या खालच्या दोन नटांवर सॉकेट सरळ लावून बघा. सरळ बसला तर आठ इंची. डब्याचं पोट आडवं आलं आणि तिथे रिंग पानाच लावावा लागला तर नऊ इंची. नटांखाली पत्र्याची एक चिंधीएवढी पट्टी सापडली तर ती जपा. तिच्यावर गिअरचं गुणोत्तर छापलेलं असतं, आणि दोन आकड्यांच्या मध्ये इंग्रजी ‘एल’ असेल तर आत लॉकिंग डिफरन्शियल (दोन्ही चाकांना मिळून ताकद देणारं) आहे. अर्थात पन्नासहून जास्त वर्षांत कुणी गिअर बदलून पट्टी तशीच ठेवली असेल, तर पट्टी खोटं बोलते. आतल्या दातांची मोजणी हाच शेवटचा पुरावा.

मग रोग ओळखा. गॅस दिल्यावर घुंई आवाज येतो आणि पाय काढल्यावर थांबतो किंवा सूर बदलतो, तर संशय क्राउन-पिनियनवर. गॅसशी संबंध नसलेली एकसुरी घरघर डावीकडे-उजवीकडे वळताना कमीजास्त होत असेल, तर चाकाचं बेअरिंग. गिअर टाकताना ‘टक्’ असा दणका बसत असेल, तर आधी प्रोपेलर शाफ्टचे (गिअरबॉक्सपासून मागे येणाऱ्या दांड्याचे) क्रॉस, म्हणजे सांधे, हलवून बघा. अर्ध्या वेळा रोग तिथेच निघतो आणि अ‍ॅक्सल उघडायची वेळच येत नाही.

तेल गळत असेल तर सील बदलण्याआधी हाउसिंगचा श्वास तपासा. या मस्टँगवर ब्रेकच्या पाइपांचा पितळी जोड ज्या बोल्टने हाउसिंगला धरलेला असतो, तो बोल्ट आतून पोकळ असतो. त्यातूनच अ‍ॅक्सलची गरम हवा बाहेर जाते. तो मातीने बुजला की आत दाब साठतो आणि तेल जिथून वाट मिळेल तिथून, म्हणजे सीलांमधून, बाहेर पडतं. एक तार घालून ते भोक साफ करायला पाच मिनिटं लागतात. नवीन सील बसवूनही महिन्याभरात परत गळती, ही तक्रार करणाऱ्या निम्म्या लोकांनी हे भोक पाहिलेलंच नसतं.

हत्यारं

आपल्याकडच्या मेट्रिक पान्यांचा इथे उपयोग नाही. इंची सेट हवा. १/२, ९/१६ आणि ३/४ हे सतत लागतील. शिवाय टॉर्क रेंच दोन: एक फूट-पाउंडाचा, दुसरा छोटा, इंच-पाउंडाचा आणि काट्याचा, कारण क्लिक होणारा रेंच फिरत्या बेअरिंगचं ओढं दाखवत नाही. चुंबकी बुडाचा डायल गेज, स्लाइड हॅमर, जमिनीवरचा जॅक आणि चार दणकट जॅक स्टँड. स्लाइड हॅमर, पुलर अशी हत्यारं सुटे भाग विकणाऱ्या मोठ्या दुकानांत अनामत रक्कम भरून उसनी मिळतात, ती विकत घ्यायची गरज नाही. दहा-बारा टनांचा प्रेस घरात नसतोच. बेअरिंगं दाबायला मशीन शॉपमध्ये जावं लागेल हे आधीच धरून चला.

जॅक स्टँड अ‍ॅक्सलखाली लावायचे नाहीत, कारण तोच तर काढायचा आहे. ते पुढे, पाट्यांच्या पुढच्या टोकाच्या अलीकडे, चॅसिसच्या रेल्सखाली लावा. गाडी वर घेतली की तिला खांद्याने जोरात धक्का देऊन बघा. जी गाडी तुमच्या धक्क्याने हलते, तिच्याखाली झोपू नका.

आणखी एक धोका या गाडीचा खास आहे. या मस्टँगची पेट्रोलची टाकी डिकीच्या तळाला लटकवलेली नाही, टाकीचा वरचा पत्राच डिकीचा तळ आहे. पाट्यांची मागची टोकं तिच्या अगदी शेजारी. म्हणून गंजलेला बोल्ट सुटत नाही म्हणून तिथे गॅस टॉर्च पेटवू नका. भेदक तेल मारून रात्रभर ठेवा, नाही जमलं तर रेसिप्रोकेटिंग करवतीने बुशच्या दोन्ही बाजूंनी बोल्ट कापा. नवीन बोल्ट स्वस्त आहेत.

उंची मोजा, मगच नट सोडा

गाडी सपाट जागी, चाकांवर, निम्मी टाकी भरलेली. चारही चाकांच्या हबच्या मध्यापासून वरच्या मडगार्डच्या ओठापर्यंतचं अंतर टेपने मोजा आणि गॅरेजच्या भिंतीवर मार्करने लिहून ठेवा. कागद हरवतात.

हे मोजमाप एवढ्यासाठी की बहुतेक जुन्या मस्टँगचे पाटे आधीच मान टाकून बसलेले असतात. मालकाला वाटतं गाडी कंपनीतून आली तशी आहे. मग तो ‘एक इंच खाली’ असे नवीन पाटे आणतो आणि बसवल्यावर गाडी होती त्यापेक्षा वर जाते. डावी-उजवीकडे अर्ध्या इंचापेक्षा जास्त फरक असेल, तर एका बाजूचा पाटा थकला आहे किंवा तुटला आहे, हेही त्याच वेळी कळतं.

अ‍ॅक्सल शाफ्ट बाहेर

चाकं आणि ड्रम काढा. ड्रम अडला तर मागच्या प्लेटमधल्या फटीतून अ‍ॅडजस्टर सैल करा, हातोड्याने ड्रमची कड फोडू नका. ब्रेकची धूळ कॉम्प्रेसरच्या हवेने उडवायची नाही. त्या काळच्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असायचं आणि मधल्या मालकाने काय बसवलंय ते तुम्हाला माहीत नसतं. ओल्या फडक्याने पुसा, फडकं पिशवीत बांधून टाका.

अ‍ॅक्सलच्या फ्लँजला (चाक ज्यावर बसतं त्या चकतीला) एक मोठं भोक असतं. ते फिरवत फिरवत एकेका नटासमोर आणायचं आणि आत सॉकेट घालून रिटेनर प्लेटचे (बेअरिंग जागेवर धरणाऱ्या पट्टीचे) चार नट काढायचे. मग स्लाइड हॅमर फ्लँजला लावून दोन-चार ठोके. शाफ्ट बेअरिंगसकट बाहेर येतो. शाफ्ट निघाला की एक नट लगेच परत हाताने लावा. ब्रेकची मागची प्लेट मोकळी राहिली तर ब्रेकची पूर्ण जुळणी पाइपवर लटकते आणि पाइप मुरगळतो.

डावा आणि उजवा शाफ्ट वेगळ्या लांबीचे असतात, त्यांना चिठ्ठ्या बांधा. आतल्या टोकाचे खाचे मोजा: बहुतेक मस्टँगमध्ये २८, जास्त ताकदीच्या गाड्यांमध्ये ३१. सुटे भाग मागवताना हा आकडा पहिल्या प्रश्नात विचारला जातो.

शाफ्टवरचं बेअरिंग आणि त्याच्या मागची पोलादी रिंग दोन्ही घट्ट दाबलेली असतात. रिंग काढायची रीत म्हणजे तिच्यात अर्ध्या जाडीपर्यंत ड्रिलने भोक पाडायचं आणि त्या भोकावर छिन्नीचा एक जोरकस घाव. रिंग तडकते आणि सुटते. ड्रिल शाफ्टला लागू देऊ नका. तिथे पडलेला ओरखडा पुढे तडा होतो. बेअरिंग मात्र प्रेसवरच काढा, आणि प्रेसवर घेताना त्याच्याभोवती जाड गोणपाट गुंडाळा, कारण अडलेलं बेअरिंग फुटताना तुकडे गोळीसारखे उडतात.

नवीन बसवताना क्रम पक्का: आधी रिटेनर प्लेट शाफ्टवर ओवायची, मग बेअरिंग दाबायचं, मग शाफ्ट पुन्हा वेगळा प्रेसवर घेऊन रिंग दाबायची. प्लेट ओवायची राहिली तर नवं बेअरिंग आणि रिंग दोन्ही फोडून पुन्हा सुरुवात. मशीन शॉपमधल्या माणसाच्या हातात शाफ्ट देताना प्लेटही द्या, आणि तो दाबायच्या आधी तिथेच उभे राहा.

थर्ड मेंबर उतरवणं

प्रोपेलर शाफ्ट आणि पिनियनचं योक (शाफ्ट जिथे जोडला जातो तो तुकडा) यांवर रंगाची एक खूण करा, म्हणजे परत त्याच जागी बसेल. शाफ्ट सोडल्याबरोबर क्रॉसच्या टोप्यांवर टेप गुंडाळा. टोपी पडली की आतल्या सुया गॅरेजभर होतात. शाफ्ट गिअरबॉक्समधून बाहेर आला की तिथून तेल यायला लागतं. प्लास्टिकची पिशवी आणि रबरबँड लावा.

मोठी परात खाली ठेवा. या अ‍ॅक्सलला तेल सोडायचा बूच नाही, डबा सैल केला की तेच खाली येतं. दहापैकी आठ नट पूर्ण काढा आणि वरचे दोन टोकावर ठेवा, मग डब्याला रबरी हातोड्याने ठोकून गॅस्केट सोडवा. वरच्या दोन नटांमुळे तो एकदम अंगावर येत नाही. डब्याचं वजन तीस किलोंच्या वर आहे. एकट्याने छातीवर झेलायचा पराक्रम करू नका, जॅकवर लाकडाची फळी ठेवा आणि हळूहळू उतरवा.

निघालेलं तेल बोटांवर चोळून बघा. थोडी राखाडी झाक चालते. चमचमणारे कण दिसले तर बेअरिंग खात आहे. नखाएवढे तुकडे दिसले तर दात गेले.

क्राउन-पिनियन: तुम्ही करायचं की नाही?

माझं मत स्पष्ट आहे. पहिल्या खेपेला थर्ड मेंबर काढणं, साफ करणं, परत बसवणं हे सगळं तुम्ही करा; क्राउन-पिनियनची जुळणी अनुभवी माणसाकडून करून घ्या. बाकावर ठेवलेला डबा गाडीच्या डिकीत घालून नेता येतो, हीच तर या अ‍ॅक्सलची मौज. पण तो माणूस काय करतो हे कळायलाच हवं, नाहीतर काम नीट झालं की नाही हे तुम्ही कशावरून ठरवणार?

नऊ इंचीमध्ये पिनियन वेगळ्या ओतीव नळकांड्यात बसतो, त्याला पिनियन सपोर्ट म्हणतात. पाच बोल्टांनी तो डब्याला जोडलेला असतो, मध्ये एक ओ-रिंग (रबरी कडं) आणि पातळ शिम (पत्र्याची चकती). त्या शिमच्या जाडीवर पिनियन क्राउनमध्ये किती आत जाणार ते ठरतं. इथे शिम वाढवली की पिनियन क्राउनपासून लांब जातो. बाकी बऱ्याच अ‍ॅक्सलमध्ये शिम पिनियनच्या डोक्याखाली असते आणि वाढवली की जवळ जातो. इतर अ‍ॅक्सलवर हात बसलेला मेकॅनिक इथे उलटी दिशा धरून अर्धा दिवस घालवतो, हे मी पाहिलेलं आहे.

पिनियनच्या दोन बेअरिंगांमध्ये चेपली जाणारी स्लीव्ह असते. पिनियन नट आवळत जायचा, स्लीव्ह चेपत जाते, आणि बेअरिंग फिरवायला लागणारं ओढं इंच-पाउंडाच्या रेंचवर वाढत जातं. नवीन बेअरिंगला साधारण वीस इंच-पाउंडांच्या आसपास. नेमका आकडा किटबरोबरच्या कागदावर असतो आणि तोच धरायचा. नटाला १७५ फूट-पाउंडांहून जास्त ताकद लागते, पण शेवटचा टप्पा एकेका इंचाच्या हिसक्याने येतो. आकडा ओलांडला तर नट मागे फिरवून भागत नाही, चेपलेली स्लीव्ह परत फुगत नाही. नवीन स्लीव्ह घालून पुन्हा. म्हणून अनुभवी लोक स्लीव्ह दोन-तीन आणून ठेवतात किंवा तिच्याऐवजी पक्का स्पेसर आणि शिम वापरतात.

मग क्राउन. त्याच्या दोन्ही बाजूंना आट्यांचे मोठे नट असतात. एक सैल, एक घट्ट करत क्राउन डावी-उजवीकडे सरकवायचा. बेअरिंगच्या दोन टोप्या डब्याबरोबरच कापलेल्या असतात, त्या अदलाबदल चालत नाहीत. काढण्याआधी पंचने एकीवर एक ठिपका, दुसरीवर दोन. पिनियन धरून क्राउन हलवला की दातांत जो प्ले राहतो तो डायल गेजवर ०.००८ ते ०.०१२ इंच हवा. तो एकाच जागी मोजून थांबू नका, क्राउन फिरवत चार ठिकाणी मोजा.

शेवटी दातांना पिवळी खुणेची पेस्ट लावून क्राउन फिरवतात. दातावर उमटलेला ठसा मधोमध हवा. तो दाताच्या मुळाशी गेला तर पिनियन फार आत आहे, शेंड्याकडे सरकला तर फार बाहेर. कारागिराकडून घेताना हा ठसा दाखवायला सांगा, आणि मोबाइलमध्ये फोटो काढून घ्या. ठसा पुसून डबा बंद करून देणाऱ्याकडे परत जाऊ नये.

गुणोत्तर बदलायचं असेल तर हीच वेळ. हिशोब सोपा आहे: मैलांचा वेग गुणिले गुणोत्तर गुणिले ३३६, भागिले टायरचा इंचांतला व्यास. टायर २६ इंची धरला, तर ६५ मैलांना ३.०० वर इंजिन सुमारे २५२० फेरे घेतं, ३.५० वर २९४०, आणि ४.११ वर ३४५०. त्या काळच्या चार गिअरच्या मॅन्युअलला किंवा तीन गिअरच्या ऑटोमॅटिकला ओव्हरड्राइव्ह नाही, वरचा गिअर सरळ एकास एक. तेव्हा ४.११ घालून शिकागोहून डेट्रॉइटला हायवेने जाणं म्हणजे पाच तास कानाशी गिरणी चालवणं. ३९० इंजिनाचा टॉर्क ४२७ फूट-पाउंड आहे, त्याला तेवढ्या आधाराची गरजही नाही. ३.२५ किंवा ३.५० वर थांबा. गुणोत्तर बदललं की स्पीडोमीटरचा छोटा प्लास्टिक गिअरही बदलावा लागतो, तो गिअरबॉक्सच्या शेपटीत असतो.

हाउसिंग आणि पाटे

हाउसिंग साफ करायला बाहेर काढा. गाडीत ठेवून नळ्यांच्या आतला पन्नास वर्षांचा गाळ निघत नाही. ब्रेकची रबरी नळी, हँडब्रेकच्या केबल, शॉकअपची खालची टोकं, मग यू-बोल्ट. दोघं जण हवेत. हाउसिंग पाट्यांवर बसलेलं असतं, त्यामुळे ते आडवं सरकवत एका बाजूने बाहेर येतं. काठीला फडकं गुंडाळून नळ्या आतून पुसा, सीलच्या जागा पॉलिश कागदाने गुळगुळीत करा. नवीन सीलचा ओठ तेलाकडे, म्हणजे आत.

यू-बोल्ट पुन्हा वापरू नका. एकदा ताणून आवळलेले असतात, दुसऱ्यांदा तेवढे धरत नाहीत.

आता खाली बसवण्याचा मूळ प्रश्न. मार्ग तीन.

सर्वांत स्वस्त म्हणजे लोअरिंग ब्लॉक: अ‍ॅक्सलची बैठक आणि पाटा यांच्या मध्ये अ‍ॅल्युमिनियमचा किंवा लोखंडी ठोकळा. या गाडीत अ‍ॅक्सल पाट्याच्या वर बसतो, म्हणून ठोकळा घातला की गाडी ठोकळ्याच्या जाडीएवढी खाली येते. लांब यू-बोल्ट लागतात. गैरसोय अशी की गॅस दाबल्यावर अ‍ॅक्सल पाट्याला पिळतो आणि ठोकळ्यामुळे त्या पिळण्याला जास्त लांबीचा दांडा मिळतो. एक इंचापर्यंत ठीक. दोन-तीन इंची ठोकळे आणि ३९० इंजिन ही जोडी मागची चाकं नाचवते.

दुसरा म्हणजे मिड-आय पाटे. साध्या पाट्याचा डोळा मुख्य पानाच्या वरच्या बाजूला वळवलेला असतो. यात तो पानाच्या मध्यावर असतो, त्यामुळे गाडी सुमारे एक इंच खाली येते आणि पाट्याची ताकद तशीच राहते. माझा कौल याला.

तिसरा, पाट्यांच्या कारागिराकडून असलेल्या पाट्यांची कमान थोडी उतरवून घेणं. महाराष्ट्रात ट्रकचे पाटे ठोकणारे हेच रोज करतात, इथेही मोठ्या शहरांत ट्रकच्या स्प्रिंगची दुकानं असतात आणि त्यांना मस्टँगचे पाटे किरकोळ वाटतात. कमान थंडच उतरवतात. पाटा तापवून गाडी खाली बसवणाऱ्याला हात जोडा आणि बाहेर पडा. तापलेल्या पाट्याचं पाणी उतरतं आणि तो कधीतरी रस्त्यात मोडतो.

एक इंचापेक्षा जास्त खाली नको, निदान पहिल्यांदा. फोटोत दोन इंच झकास दिसतात. पण मग बंपस्टॉपला (धक्का झेलणाऱ्या रबरी ठोकळ्याला) जागा राहत नाही, सायलेन्सरचा पाइप अ‍ॅक्सलला भिडतो, आणि रुंद टायर असतील तर मडगार्डची आतली कड ते सोलून काढते. मिशिगन-इलिनॉयमधले हिवाळ्यानंतरचे रस्ते बघता मधली एक इंच हवा तुम्हाला लागणारच आहे.

जुळवताना पाट्याचा मधला बोल्ट, म्हणजे त्याचं डोकं, अ‍ॅक्सलच्या बैठकीतल्या भोकात नीट बसला आहे ना ते बोटाने चाचपून बघा. नीट बसला नसेल तर अ‍ॅक्सल तिरका राहतो आणि गाडी खेकड्यासारखी चालते. यू-बोल्टचे चार नट कर्णरेषेत, थोडे थोडे आवळायचे.

पुढच्या डोळ्याचा आणि मागच्या शॅकलचा (पाट्याचं मागचं टोक लटकवणाऱ्या कडीचा) बोल्ट मात्र आत्ता फक्त सैलसर. गाडी चाकांवर उतरवून, पुढे-मागे ढकलून, मागचा भाग दोन-तीनदा दाबून मगच ते पूर्ण आवळा. गाडी हवेत असताना आवळले तर रबरी बुश त्या लटकत्या कोनात पकडले जातात. गाडी खाली आली की ते कायमचे पिळलेले राहतात, उंची चुकते आणि वर्षभरात रबर फाटतं. नव्या पाट्यांना नावं ठेवणाऱ्यांनी आधी हे तपासावं.

पिनियनचा कोन

डिजिटल कोनमापक पंधरा-वीस डॉलरला मिळतो. गाडीचं पूर्ण वजन चाकांवर हवं, म्हणून रॅम्पवर चढवून मोजा. गिअरबॉक्सच्या मागच्या टोकाचा कोन घ्या, मग पिनियनच्या योकचा. समजा गिअरबॉक्स मागे तीन अंश खाली झुकलेला आहे. दोन्ही समांतर राहायचे तर पिनियनचं नाक तीन अंश वर हवं. पण पाट्यांच्या गाडीत गॅस दिला की नाक वर उचललं जातं, म्हणून उभ्या गाडीत ते दोनएक अंश कमी, म्हणजे एक अंश वर ठेवतात. नाक जास्त वर असेल तर बैठक आणि पाटा यांच्या मध्ये पाचरीसारखी शिम घालायची, जाड बाजू मागे. हायवेवर ठरावीक वेगाला थरथर जाणवली तर चाकं बॅलन्स करण्याआधी हा कोन बघा.

शॉकअप कमी लांबीचे घ्या किंवा निदान गाडी दाबल्यावर जुना शॉकअप तळाला टेकत नाही ना ते तपासा. पुढची बाजू हा वेगळा विषय आहे. या मस्टँगचं पुढचं स्प्रिंग वरच्या आर्मवर बसतं आणि काढायला त्याचाच खास कॉम्प्रेसर लागतो. दाबलेलं स्प्रिंग निसटलं तर माणूस जायबंदी होतो. ते काम शिकलेल्याबरोबर करा. आणि मागे बदल केला की पुढचं अलाइनमेंट आणि हेडलाइटचा नेम तपासून घ्यायलाच हवा.

तेल, आणि पहिले पाचशे मैल

थर्ड मेंबर बसवताना नवीन गॅस्केट आणि नटांखाली तांब्याचे वॉशर, ते गळती थांबवतात. नट ३०-३५ फूट-पाउंड, त्याहून जास्त नाही, नाहीतर स्टड उपटून येतात. मग शाफ्ट, ब्रेक, प्रोपेलर शाफ्ट. ब्रेकची नळी सोडली होती, तेव्हा ब्रेकमधली हवा काढायला विसरू नका.

तेल ८०डब्ल्यू-९० किंवा तत्सम, जीएल-५ दर्जाचं. नऊ इंचीमध्ये पिनियन क्राउनच्या मध्यापासून बराच खाली बसतो, त्यामुळे दात एकमेकांवर नुसते फिरत नाहीत, घासतही जातात. कमी दर्जाचं तेल तिथे टिकत नाही. सुमारे पाच पिंट, म्हणजे अडीच लिटरच्या आत-बाहेर, भरण्याच्या भोकाच्या खालच्या कडेपर्यंत. क्लच-प्लेटांचं लॉकिंग डिफरन्शियल असेल तर फ्रिक्शन मॉडिफायरची (प्लेटांचं घर्षण बेताचं ठेवणाऱ्या द्रवाची) बाटली आधी ओता, नाहीतर पार्किंगमध्ये वळताना मागून कुरकुर ऐकू येईल.

नवीन गिअर पहिल्यांदा तापू द्यायचे नाहीत. पंधरा-वीस मैल साध्या वेगाने चालवा, अर्धा तास थांबून थंड होऊ द्या, आणि असं दोन-तीनदा. जोरात पिकअप नाही, मागे ट्रेलर नाही. पहिल्या फेरीनंतर यू-बोल्ट पुन्हा आवळा; ते थोडे सैल होतातच. पाचशे मैलांना तेल बदला, त्यात चांदीसारखी बारीक भुकटी दिसली तर घाबरू नका, तुकडे दिसले तर गाडी तिथेच उभी करा. त्याच दिवशी भिंतीवरचे आकडे काढून उंची परत मोजा. नवीन पाटे या मैलांत थोडे आणखी बसलेले असतात, आणि मडगार्डच्या आतल्या कडेवर टायर घासल्याची काळी रेघ आली आहे का ते टॉर्च मारून बघा.